अकरा तारा आणि आंबिलीचा डबा

ही बरं झाल्याची गोष्ट नाही. तशा गोष्टी पुष्कळ आहेत. आजारपणात मीही त्या अधाशासारख्या वाचल्या, आणि शेवटच्या पानावर लेखिका डोंगर चढताना किंवा भाचीच्या लग्नात नाचताना दिसली की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं. मला मिरगी आहे, पुस्तकी भाषेत अपस्मार. बारा वर्षं झाली. हे लिहायला घेतलं त्या आठवड्यातही दोन झटके येऊन गेले. तरी लिहिते आहे, कारण माझ्या हातून एक चूक झाली आणि ती तुमच्या हातून होऊ नये असं वाटतं. चूक औषधाची नव्हती, काय होती ते क्रमाने सांगते. मध्ये एखादा शब्द सापडला नाही, एखादी गोष्ट दोनदा आली, तर समजून घ्या. माझ्या डोक्यात आता बरीच भोकं आहेत, काही डॉक्टरांनी पाडलेली आणि काही आपोआप पडलेली.

*

आधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत मी मेंदूत घालायच्या तारा आखायची. तार हा आमच्या बाचा, म्हणजे वडिलांचा शब्द. खरं तर ती केसाहून बारीक पट्टी असते आणि तिच्यावर ओळीने सोन्याचे सूक्ष्म ठिपके असतात. ठिपक्याजवळची चेतापेशी बोलली की ठिपक्याला ते कळतं आणि स्पीकरवर टक् असा आवाज येतो. पेशी चेकाळल्या की कढईत साळीच्या लाह्या फुटाव्यात तसा ताडताड. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, आनंदाने.

अडचण अशी की मेंदू दह्यासारखा मऊ असतो. त्यात कडक तार राहिली की तिच्याभोवती घट्टा धरतो, आणि घट्टा जाड झाला की तार बहिरी होते. म्हणून तार मऊ हवी. पण मऊ तार आत शिरतच नाही, वाकते. त्यावर आम्ही तिला साखरेचा लेप द्यायचो. लेपाने ती ताठ व्हायची, आत जायची, मग साखर विरघळून तार पुन्हा मऊ. हा लेप किती जाड द्यायचा, किती वेळात विरघळला पाहिजे, ठिपके किती अंतरावर ठेवायचे, यात माझी पाच वर्षं गेली. ती बरी गेली. या धंद्यात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात, की तार फक्त जवळचं ऐकते. चार केसांपलीकडची पेशी कितीही ओरडली तरी तारेला ती ओळखू येत नाही.

आमच्या तारा उंदरांसाठी होत्या. माणसाच्या डोक्यात आजही ज्या घालतात त्या जाड, शेवयांसारख्या. आम्ही चहाच्या वेळी त्यांना हसायचो.

*

निदान झालं त्या दिवशी मी सतरा वर्षांची होते. आमचं गाव पोंभुर्ण्याजवळ, जंगलाला चिकटून. आई मी सातवीत असताना गेली. बारावीला मी चंद्रपुरात वसतिगृहात होते आणि रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला उभ्याउभ्या कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा मैत्रिणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकीच्या हातात चप्पल होती, माझ्या नाकाला लावायला आणलेली.

बा वनखात्यात मजूर होता. उन्हाळा होता, जंगलात आगी लागत होत्या, आणि तो थेट तिकडूनच आला. अंगाला राखेचा वास येत होता. डॉक्टर म्हातारे, तिरसट. त्यांनी मला नाही, बाला समोर बसवलं.

"पोरगी शिकेल, नोकरी करेल. पण गोळी एक दिवस चुकवायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. आणि नीट ऐका, लोक तुम्हाला सांगतील, गोळ्या बंद करा. नातेवाईक सांगतील, शिकलेलेही सांगतील. कोणीही सांगो, बंद करायची नाही. समजलं?"

"समजलं साहेब," बा म्हणाला. "कोनीही म्हनो."

समजलं होतं, तरी एकदा चुकलाच. त्याच वर्षी दिवाळीनंतर, मी सुट्टीला घरी असताना, आत्याने टुमणं लावलं. पेनठाण्यावर, म्हणजे आमच्या देवांच्या जागी, पूजा करायची तर नऊ दिवस पोरीच्या पोटात इंग्रजी औषध नको, असं तिचं म्हणणं. बा नाही म्हणत राहिला आणि शेवटी बहिणीपुढे नमला. सातव्या दिवशी मी चुलीपुढे भाकर टाकत होते. झटका आला आणि डावा हात निखाऱ्यात गेला. मनगटापासून कोपरापर्यंत ती खूण अजून आहे. पुजाऱ्याला कळलं तेव्हा तो आत्यावरच उखडला. "मी कई म्हनलो गोळी बंद करा म्हनून? देवानं का तुले कानात येऊन सांगतलं?"

त्या दिवसापासून बाने माझ्या गोळ्या ताब्यात घेतल्या. घरी असेन तेव्हा सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ वाजता गोळी आणि पाण्याचा गडू हातात. नागपूरला इंजिनीअरिंगला गेले, पुढे बंगळुरूला गेले, तेव्हा त्याच वेळी फोन.

"घेतली का?"

"घेते ना बा."

"घे मंग. मी हावो."

आणि गिळल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तो फोन ठेवायचा नाही. मैत्रिणींसमोर मला लाज वाटायची. आज कोणी ती लाज आणून दिली तर मी आनंदाने घेईन.

*

गोळ्यांनी सहा-सात वर्षं चांगली निभावली. मग त्यांचं चालेना. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. झटक्यांचं रूपही बदललं. मी पडायची नाही. बोलता बोलता थांबायची, ओठ चाटायची, बाही चिमटीने ओढत बसायची. मिनिटभराने परत यायची तेव्हा समोरचे लोक दुसऱ्याच विषयावर असायचे. एकदा सूक्ष्मदर्शकाखाली तार पकडलेली असताना असं झालं आणि तीन महिन्यांचं काम चिमट्यात चुरगळलं. मी सगळ्यांना सांगितलं, हात घसरला.

मग आठवण जायला लागली. आधी नावं गेली, पुढे आख्खे आठवडे. मी तारेवर लिहिलेला स्वतःचाच अहवाल वाचला आणि चांगला वाटला म्हणून लिहिणाऱ्याचं नाव पाहायला पान उलटलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. झटका मेंदूत जिथे सुरू होतो ती जागा सापडली आणि ती काढून टाकता येण्यासारखी असली, तर यातून सुटका होऊ शकते. नाहीतर हे असंच चालणार, आणि स्मरणशक्ती हळूहळू जात राहणार. मेंदूच्या फोटोंमध्ये जागा दिसत नव्हती. म्हणजे डोक्यात तारा घालून, झटके येण्याची वाट पाहून, ते कुठून निघतात हे ऐकावं लागणार होतं. एकूण अकरा तारा, त्याच जाड शेवया.

मी हसले. डॉक्टर गोंधळले. "मी याच बनवते," मी म्हणाले. "म्हणजे याहून चांगल्या."

माझ्यापुढे ही एकच वाट उरली होती. ती फुकट गेली तर माझं डोकं, ज्याच्या जोरावर मी त्या गावातून बाहेर पडले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत रिकामं होणार होतं.

*

आता माझी चूक.

तारा घातल्या त्याच्या आदल्या दिवशी बा माझ्या खाटेजवळ बसला होता. सतरंजी, स्टोव्ह, ज्वारीचं पीठ, चटणीची बरणी असा संसार घेऊन आला होता. रुग्णालयामागच्या धर्मशाळेत त्याने खोली घेतली होती. मी एका कागदावर मेंदू काढला, त्यात अकरा रेघा ओढल्या आणि त्याला तासभर सांगितलं. पेशी कशा बोलतात, तार कशी ऐकते. मग रंगात येऊन माझ्या मऊ तारांवर गेले. साखरेचा लेप, तो कसा विरघळतो, हे सगळं. बा ऐकत होता. "अस्सं," म्हणत होता. "साखर लावून घालता, हौ?" त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि मला तो हवा होता.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. तारा घातल्यावर माझ्या गोळ्या बंद करणार आहेत आणि मी तिथे झटके यावेत म्हणूनच जाते आहे, हे. कसं सांगणार? ज्या माणसाने बारा वर्षं मला झटका येऊ नये म्हणून घड्याळाकडे बघत काढली, त्याला म्हणायचं, बा, आता मला झटका यायला हवा? जिभेवर आलं होतं, पण गिळलं. म्हटलं, सिस्टर सांगतील.

सिस्टरनी सांगितलंही, माझ्यादेखत. "काका, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या हायेत. तुम्ही काही देऊ नका, बरं का."

"हो," बा म्हणाला.

तो हो मी ऐकला आणि मला हायसं वाटलं. सुटले एकदाची, असंच वाटलं.

*

खोलीतले दिवस सगळे सारखेच. डोक्याला फेट्यासारखं बँडेज, त्यातून निघालेल्या वायरींची वेणी भिंतीतल्या यंत्रात. पलंगाच्या कठड्याला गाद्या बांधलेल्या. समोरच्या कोपऱ्यात छताला कॅमेरा, जो माझं झोपणं, खाणं, पोट खाजवणं सगळं टिपत होता, आवाजासकट. संडासला जायचं तर सिस्टरला बोलवायचं. अर्धं डोकं भादरलेलं होतं. उरलेल्या केसांची गुंतवळ सिस्टर रोज दुपारी न सांगता सोडवून द्यायच्या, आणि त्या पंधरा मिनिटांसाठी मी दिवसभर थांबायची.

बा सकाळ-संध्याकाळ स्टीलच्या डब्यात आंबील आणायचा. मला लहानपणापासून आवडते, आंबट, वरून तिखट चटणी. पहिल्या दिवशी जरा कडवट लागली. मी म्हटलं, पीठ जुनं असेल. दुसऱ्या दिवसापासून चटणी जास्त असायची.

आणि झटका येईना.

महिन्यात आठ-दहा झटके येणारी मी, आणि गोळ्या बंद करून दुसरा, तिसरा, चौथा दिवस गेला तरी काही नाही. डॉक्टरांनी जागं ठेवून पाहिलं, डोळ्यांपुढे दिवे फडफडवले, पडल्यापडल्या सायकल चालवायला लावली. मी डोळे मिटून झटक्याची आळवणी करायची. एवढी आर्जवं मी कुठल्या देवाची केली नव्हती. पाचव्या दिवशी एक भलताच विचार मनात आला, की मी आपोआप बरी तर झाले नाही? मी बाला म्हणाले, "बा, झटका येऊनच नाई राह्यला." त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "येते कसा?"

मला त्या दोन शब्दांत काही ऐकू आलं नाही.

तारा फार दिवस ठेवता येत नाहीत, आत जंतू शिरायची भीती असते. सहाव्या दिवशी रक्त तपासायला घेतलं. सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर सिस्टरना घेऊन आले आणि दार लावून घेतलं.

"तुमच्या रक्तात औषध आहे. आतापर्यंत ते जवळजवळ शून्यावर यायला हवं होतं. तुम्ही लपून गोळ्या घेताय का?"

मला संताप आला. मी, या विषयात काम करणारी बाई, स्वतःचीच नोंद बिघडवीन? "मला काय वेड लागलंय का?" मी म्हणाले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बेसिनवर डबा घासायचा आवाज थांबला. बा पाठमोरा उभा होता, डब्याचं झाकण हातात धरून.

यापुढचं मला काही आठवत नाही. झटक्यांनी पुढचे पाच-सहा दिवस पुसून टाकले.

*

जे झालं ते नंतर कळलं. बाने सगळं कबूल केलं. घरून आणलेल्या पट्टीतली गोळी तो दोन चमच्यांत चिरडून आंबिलीत घालत होता, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. डॉक्टरांनी कारण समजावलं तेव्हा त्याने ती बंद केली. औषध अंगातून एकदम उतरलं आणि नवव्या दिवशी झटका आला. मग दुसरा, तिसरा, मध्ये शुद्धच नाही. इंजेक्शनं देऊन ते थांबवावे लागले आणि तारा काढाव्या लागल्या. एक तार काढताना आत थोडा रक्तस्राव झाला. असं क्वचित होतं, त्यात कुणाची चूक नव्हती.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले तेव्हाच मी ओळखलं. "एकच झटका स्वच्छ नोंदला गेला. तो चार तारांवर एकदमच दिसला. म्हणजे सुरुवात तिथली नाही. जिथे तार नव्हती अशा कुठल्यातरी जागेची आहे."

"आणखी झटके मिळाले असते तर?"

"सुटे सुटे तीन-चार मिळाले असते तर अंदाज बांधता आला असता."

"पुन्हा तारा घातल्या तर?"

त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात चादरीवर पडला होता आणि मी सांगितलेलं ऐकत नव्हता. "मी तरी धजणार नाही," ते म्हणाले.

हात नंतर बराचसा परत आला. ताट धरता येतं, लिहिता येतं. पण चिमट्याने केसाएवढी पट्टी उचलणं गेलं ते गेलंच. प्रयोगशाळेतल्या लोकांनी सांभाळून घेतलं, कागदी काम देऊ म्हणाले. मी महिनाभर ते करून पाहिलं. कोणाशी काय बोलले हे दुसऱ्या दिवशी आठवेना. मग घरी परतायला बल्लारशाचं तिकीट काढलं.

*

आता गावात आहे. सकाळी उठते, भात शिजवते, अंगणात बसते. लोक येतात, विचारतात, "आता बरं हाये ना बाई?" मी हो म्हणते. घुग्घुसला खाणीत कामाला असलेला मामेभाऊ दर रविवारी मोटारसायकलवर कोळशाची धूळ घेऊन येतो आणि माझ्यासाठी कुठली तरी परीक्षा, कुठला तरी फॉर्म सुचवतो. त्याला वाटतं हुशार माणूस रिकामा बसू नये. मी त्याला सांगत नाही की मागच्या रविवारचा फॉर्म कुठे ठेवला ते मला आठवत नाही. काही दिवस असे असतात की उठायचं कशासाठी हेच कळत नाही, आणि असे दिवस वाढत आहेत. हे कोणाला घाबरवायला लिहीत नाही. ज्यांचे असे दिवस चालू आहेत त्यांना एवढंच कळावं, की अंथरुणात तोंड फिरवून पडलेले ते एकटे नाहीत.

बा गोळीला हात लावत नाही. पट्टी आणि पाण्याचा गडू माझ्यापुढे ठेवतो आणि अंगणात निघून जातो. मी विसरले तर दारातून एकदा खाकरतो, बस. त्या सात दिवसांबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मी स्वतःवर खूश होते की मी त्याला एका शब्दाने दुखवलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी जंगलातून धूर दिसू लागला. वनखात्याचे लोक जाळरेषा जाळत होते. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी जंगलात लांबच लांब पट्टे मुद्दाम जाळून ठेवतात, त्यांना जाळरेषा म्हणतात. बाने तीस वर्षं तेच केलं. तो धुराकडे बघत बसला होता. एकदम म्हणाला, "आमी बी तं आगच लावतो."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"डॉक्टरनं मले मंग समजावून सांगतलं, काऊन बंद केल्या ते. तू म्हनली असतीस ना, बा, हे जाळरेषा हाये, आपल्या डोळ्यापुढं लावाची, तं मी एका बोलात समजलो असतो."

"हो बा."

"तू ते साखरेचं सांगत होतीस."

तो रागाने म्हणाला नव्हता. आठवून आठवून सांगत होता.

तर माझं सांगणं एवढंच. तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर अशी तपासणी व्हायची असेल, तर जो तुमच्या खाटेजवळ बसणार आहे, तुमचा डबा आणणार आहे, त्याला सगळ्यात आधी सांगा, की इथे झटके यावेत म्हणून आलो आहोत. डॉक्टर सांगतील, सिस्टर सांगतील, असं म्हणू नका. त्याच्या कामातलं उदाहरण देऊन सांगा. त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घ्या. नुसता हो म्हणाला तर अजून एकदा सांगा. सांगताना तुम्हाला रडू येईल, त्यालाही येईल. त्यात फार तर अर्धा तास जाईल.

*

इथेच थांबणार होते. पण मग लेख खोटा झाला असता.

रुग्णालयातून निघताना मी माझी नोंद मागितली होती. धंद्याची खोड. त्यांनी ती डिस्कवर पाठवली, अकरा तारांचे आलेख आणि सोबत कॅमेऱ्याचं चित्रण. चार महिने मी ती कपाटात ठेवली. गेल्या आठवड्यात काढली. खरं सांगायचं तर मला आलेख पाहायचे होते. वाटलं, डॉक्टरांच्या नजरेतून काही निसटलं असेल, मला दिसेल. बा मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखाली झाडलोट करायला गेला होता.

आलेखांत काही नव्हतं. मग मी चित्रण लावलं.

बा दिसला. मी पलंगावर पडलेली, आणि तो खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून, दोन चमचे एकमेकांवर दाबतोय. भुकटी डब्यात झटकतो. ढवळतो. मग एक घोट स्वतः पिऊन पाहतो, कडू लागते का ते, आणि चटणी वाढवतो. पुन्हा चाखतो. सहा दिवसांच्या चित्रणात हे मी बारा वेळा पाहिलं. कॅमेरा सरळ त्याच्यावर होता. नोंद तपासणारे लोक फक्त झटक्याचे तुकडे बघतात, आणि झटके तर आलेच नव्हते.

मग सातवा दिवस. डॉक्टर दार लावतात. मी म्हणते, मला काय वेड लागलंय का. डबा घासायचा आवाज थांबतो. इथपर्यंत मला आठवत होतं. पुढे बा वळतो आणि गोळ्या आपणच घालत होतो हे सांगतो. मग माझाच आवाज येतो, इतका स्वच्छ की मी संगणकापासून मागे सरकले.

"बा, तू माझं वाटोळं केलंस. जंगली तो जंगलीच राह्यला तू."

जंगली. हा शब्द मी चंद्रपूरच्या वसतिगृहात, नागपूरच्या कॉलेजात ऐकत आले. ज्यांनी म्हटला त्यांची नावं माझ्या डोक्यातून गेली, शब्द राहिला होता. तो मी डॉक्टरांसमोर, सिस्टरसमोर माझ्या बापाला म्हटला होता. बा झाकण बेसिनवर ठेवतो. मग डॉक्टरांकडे बघून म्हणतो, "त्या चंद्रपूरच्या साहेबानं सांगतलं होतं, कोनीही म्हनो." डॉक्टरांना ते कळत नाही. त्यांना कळण्यासारखं नव्हतंच.

हे त्याला इतके महिने माहीत होतं. धुराकडे बघत जाळरेषेचं बोलला तेव्हाही माहीत होतं. मला आठवत नाही हेही त्याला माहीत होतं.

मी पुढे सरकवत नवव्या दिवसावर आले. झटका सुरू होतो. सिस्टर धावत येतात, कॅमेऱ्याला दिसावं म्हणून माझ्यावरची चादर ओढून काढतात, आणि बाला म्हणतात, "काका, मागं व्हा, हात लावू नका." बारा वर्षांत त्याच्यासमोर जितके झटके आले त्या प्रत्येक वेळी त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, मला कुशीवर वळवलं होतं. चित्रात तो भिंतीला जाऊन लागतो. उजवा हात पुढे येतो, आणि तो डाव्या हाताने स्वतःचंच मनगट पकडतो. माझं डोकं कठड्याच्या गादीवर आपटतंय, एकदा, दोनदा, आणि त्याने स्वतःला धरून ठेवलंय. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. मी आवाज पूर्ण वाढवला.

तो झटक्याला बोलावत होता. "ये," म्हणत होता. "ये बाबा. पुरा ये. तिले दिसू दे." यंत्राची शिटी वाजते, माणसं आत येतात, त्याला बाजूला सारतात. तो कोपऱ्यात तसाच उभा राहतो आणि म्हणत राहतो, आणि चित्र संपेपर्यंत त्याने ते मनगट सोडलेलं नाही.